पाटावरची काठी

रंगनाथ : थांबा, पुसू नका. ओल्या फडक्यानं तर अजिबात नाही.

हर्षाली : काठीवरच्या या पट्टीवर कुंकू साचलंय सर. म्हटलं, खाली कंपनीचं नाव असेल तर दिसेल तुम्हाला.

रंगनाथ : नाव सगळ्यात शेवटी बघायचं. नावाच्या पट्ट्या बाजारात सुट्या मिळतात, लाकूड तसं मिळत नाही. प्रफुल्लनं पाठवलं ना तुम्हाला? इंदिरानगरातला, पूल पार्लरवाला?

हर्षाली : हो. त्यांना दाखवली तर म्हणाले, मला नव्यातलं कळतं. जुन्या काठीचं खरंखोटं नाशकात एकच माणूस सांगेल.

रंगनाथ : काठी नाही, क्यू म्हणा. आणि पूलची नाही ही, बिलियर्डची. टोक बघा किती बारीक आहे ते. या बाई कोण?

हर्षाली : माझी आई.

रंगनाथ : बसा ना बाई, उभ्या का? चहा सांगतो.

कुसाबाई : नगं. चालू द्या तुमचं.

हर्षाली : आई, उन्हातून आलीस. पाणी तरी घे.

कुसाबाई : घरी पिईन.

रंगनाथ : बरं, आणा इकडं. खिडकीपाशी धरतो. हं... या रेषा दिसतात? एकात एक घातलेल्या बाणांसारख्या. हे अॅश. विलायती लाकूड. हे झाड आपल्याकडं होत नाही. आणि इतकं घट्ट, जुनं लाकूड आता तिकडंही मिळणं मुश्कील.

हर्षाली : म्हणजे भारी आहे?

रंगनाथ : पुढच्या भागापुरतं बोलायचं तर हो. जरा टेबलावर लोळवून बघू. एवढी जुनी म्हणजे वाकलेली असणार... नाही. कमाल आहे. घरंगळत कशी सरळ गेली बघितलंत? कुठं ठेवायचात ही?

हर्षाली : माळ्यावर. धोतरात गुंडाळून.

कुसाबाई : टांगून. भिंतीला टेकून ठेवली की वाकती.

रंगनाथ : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

कुसाबाई : घरात म्हनायचे.

रंगनाथ : घरात खेळणारं होतं कुणी?

हर्षाली : बाबांना थोडा शौक होता.

रंगनाथ : आणि त्यांच्याकडं ही आली कुठून?

हर्षाली : भेट मिळाली होती. एका साहेबांनी दिली.

रंगनाथ : कोणत्या साहेबांनी? विकत घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, म्हणून विचारतोय.

हर्षाली : नाव नाही माहीत. मी लहान होते.

रंगनाथ : वडील काय करायचे?

हर्षाली : कंपनीत होते. अंबडला.

कुसाबाई : वॉचमन व्हते.

हर्षाली : आई...

कुसाबाई : व्हते ना? मंग सांगायला काय झालं.

रंगनाथ : त्यांचं नाव काय, बाई? तुमच्या मिस्टरांचं?

कुसाबाई : आमच्यात नाव घेत नाय.

हर्षाली : ती बाबांचं नाव घेत नाही सर. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. पण नावाचं काय करायचंय? तुम्ही काठीचं सांगा ना.

रंगनाथ : रागावू नका. पण वॉचमनला कुणी असली क्यू भेट देत नाही हो. मी विचारतोय त्याला कारण आहे. नाशकातून अशीच एक क्यू गेली होती. आमच्या क्लबातून. इंग्रजांच्या वेळची, काचेच्या कपाटात ठेवलेली. मी तेव्हा क्लबचा सेक्रेटरी होतो. एके सकाळी बघतो तर कपाट रिकामं.

हर्षाली : चोरी?

रंगनाथ : तसं ठरलं.

हर्षाली : कुणी केली?

रंगनाथ : मार्करनं. मार्कर म्हणजे टेबलाशी उभा राहून गुण मांडणारा, चेंडू लावणारा, हातात खडू देणारा. पगारी माणूस. आमचा मार्कर खेळायचा फार सुंदर, पण खेळायचं ते मेंबरांनी बोलावलं तरच. कपाटाची किल्ली त्याच्याकडं असायची.

हर्षाली : पोलिसांत दिलं त्याला?

रंगनाथ : छे. क्लबचं नाव पेपरात यायला नको होतं. कामावरून काढलं, खोली खाली करायला लावली. झालं.

हर्षाली : आई, चल. वैष्णवीची शाळा सुटायची वेळ झाली. सर, आम्ही परत येऊ कधीतरी. काठी द्या इकडं.

(हर्षाली पिशवी उचलते. कुसाबाई तिचं मनगट धरते आणि सोडत नाही.)

कुसाबाई : बस खाली.

हर्षाली : ऐक ना माझं. मला यांना काही विकायचं नाही.

कुसाबाई : इकायचं मागून बघू. उखळात डोकं घातलंय ना, आता मुसळाला भ्यायचं नाय. बस.

रंगनाथ : अहो ताई, घाबरताय कशाला? मी उगाच जुना विषय काढला. ही ती क्यू नव्हे. तुम्ही खुशाल विका, कुणी अडवणार नाही.

हर्षाली : ही ती नव्हे?

रंगनाथ : नाहीच मुळी.

हर्षाली : कशावरून?

रंगनाथ : म्हणजे?

हर्षाली : पट्टी तुम्ही पुसली नाहीत. मागचं लाकूड तेलाकुंकवानं इतकं माखलंय की काळं आहे का तपकिरी तेसुद्धा दिसत नाही. लाकूड विलायती, जुनं, आणि नाशकातलंच. वर आमच्या घरी वॉचमन. सगळं जुळतंय की. मग ही ती नाही, हे न बघताच कसं कळलं तुम्हाला?

रंगनाथ : अनुभवानं कळतं ताई. चाळीस वर्षं हेच करतोय.

हर्षाली : मघाशी तुमचा अनुभव मला खोदून खोदून विचारत होता. साहेब कोण, बाबा काय करायचे. आणि मी उठले तशी तुमची खात्री झाली?

रंगनाथ : तुमचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. आणि विचारलं ते सवयीनं. नाशकातली जुनी क्यू समोर आली की मला ती आठवतेच.

हर्षाली : उत्तर नाही दिलंत सर.

रंगनाथ : ...ती सापडली.

हर्षाली : कोण सापडली?

रंगनाथ : क्लबची क्यू. सापडली नंतर. आज त्याच कपाटात आहे. म्हणून म्हटलं, ही ती असूच शकत नाही.

हर्षाली : कुठं सापडली?

रंगनाथ : एक जुने मेंबर वारले. मुलांनी बंगला रिकामा करायला काढला, त्यात निघाली. घरी खेळायला म्हणून नेली असेल, परत करायची राहून गेली असेल. मोठी माणसं होती ती. कुणी विचारायला गेलं नाही.

हर्षाली : आणि मार्करला कळवलंत?

रंगनाथ : कमिटीत निघाला होता विषय. पण तोवर बरीच वर्षं झाली होती. जुनं उकरून काढायचं नाही असं ठरलं. त्या मेंबरांच्या घरच्यांना उगाच मनस्ताप झाला असता.

कुसाबाई : आन् मार्करच्या घरच्यान्ला?

रंगनाथ : काय म्हणालात बाई?

कुसाबाई : मार्करच्या घरच्यान्ला काय झालं आसंल, म्हनते मी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. संन्याशाला बी घर असतं ना साहेब?

रंगनाथ : तुम्ही त्यांना ओळखता का?

कुसाबाई : तुम्ही मला पाहिलंय. क्लबाच्या मागं पत्र्याच्या खोल्या व्हत्या. तुम्ही आन् संगट दोन जनं आले व्हते. मी दारात उभी व्हती, ही माझ्या कडंवर. तुम्ही माझ्याकडं बघून म्हनले, बाई, बाजूला व्हा.

रंगनाथ : ...नवमी होती त्या दिवशी.

कुसाबाई : खंडेनवमी. ध्यानात हाय म्हनायचं तुमच्या.

हर्षाली : आई, हे काय बोलतेयस तू?

कुसाबाई : तू ऐक नुसती. तुझ्या बाबांनी पाटावर काठी मांडली व्हती. झेंडूची दोन फुलं, कुंकू, वर तेलाचं बोट. सुतार पटाशी मांडतो, न्हावी वस्तरा मांडतो, यांचं हत्यार ही काठी. साहेब म्हनले, ती काठी इकडं आन. हे म्हनले, साहेब, आज पाटावरून हत्यार हलवायचं नाय. उद्या दसरा, सोनं वाटून झालं की मी सोता घेऊन येतो, उलटीपालटी करून बघा.

रंगनाथ : आम्हाला वाटलं, वेळ मारून नेतोय. रातोरात विल्हेवाट लावेल.

कुसाबाई : तुमच्या घरी नवमीला काय मांडत्यात?

रंगनाथ : वडील वैद्य होते. त्यांचा औषधाचा खल मांडतो.

कुसाबाई : आन् त्या दिवशी कुनी म्हनलं, उचल तो खल आन् दे इकडं, तर?

रंगनाथ : ...नाही दिला जायचा.

कुसाबाई : मंग यांनी कसा द्यावा? आन् दसऱ्याला हे आले नव्हते का तुमच्याकडं?

रंगनाथ : आले होते. फाटकापर्यंत.

कुसाबाई : हातात काठी, खिशात आपट्याची पानं. तुम्ही आतून निरोप धाडला, परत जा. काठी कुनी सोडून बी पाहिली नाय.

रंगनाथ : ठराव होऊन गेला होता आदल्या रात्री. मी एकटा काय करणार होतो?

कुसाबाई : पाच पावलं चालून फाटकापर्यंत येनार व्हते. दुसरं काय.

हर्षाली : आई, हे सगळं तू मला कधी सांगितलं नाहीस.

कुसाबाई : दहावीत व्हतीस तव्हा इचारलं व्हतंस. बाबांनी खरंच घेतली व्हती का गं? मी म्हनले, नाय घेतली.

हर्षाली : एवढंच म्हणालीस.

कुसाबाई : एवढंच खरं व्हतं.

हर्षाली : मग ही आली कुठून? क्लबची क्यू कपाटात आहे, ठीक. पण ही विलायती लाकडाची काठी आपल्या पत्र्याच्या खोलीत आली कशी? मी काय समजायचं?

कुसाबाई : बघा साहेब. अजून इचारती ती. पुसा आता ती पट्टी. मागचं लाकूड बी पुसा. काय हाय काय नाय, ते माझ्या पोरीला तुमच्या तोंडानं सांगा. तुम्हाला कळतं म्हनत्यात ना नाशकात?

रंगनाथ : द्या तो कापूस. खोबरेल आहे तिथं, त्या बाटलीत. थेंबभरच लागेल... सुटतंय. किती वर्षांचं आहे हे कुंकू?

कुसाबाई : दर नवमीचं हाय. हे गेल्यावर मी लावती.

हर्षाली : काय लिहिलंय?

रंगनाथ : थांबा, भिंग घेतो... काही नाही.

हर्षाली : पुसून गेलं?

रंगनाथ : नव्हतंच. कोरी पट्टी आहे. पितळेची, कडेला जराशी गोलाई आहे. एखाद्या फुटक्या तांब्यातून कापलेली असावी. मेकर नाही, साल नाही, काही नाही. आता मागचं लाकूड. मी मघाशी अबनूस समजून चाललो होतो, विलायती क्यूला तोच असतो. हा अबनूस नाही. तेल पिऊन पिऊन काळं पडलंय एवढंच. हे शिसव. आपल्याकडचं, जंगलातलं.

हर्षाली : म्हणजे खोटी?

रंगनाथ : खोटी नाही म्हणता येणार. खोटं नाव लावलं असतं तर खोटी. पुढचा भाग विलायतीच आहे, पण तो मधे मोडलेला होता. इथं बघा, मोडलेला भाग कापून टाकलाय आणि तिथून नवं लाकूड जोडलंय. अशा मोडक्या क्यू आम्ही भंगारात काढायचो.

कुसाबाई : भंगारवाल्याकडून इकत आनली, पैसे मोजून. तुमच्या हातची घेतली असती तर तेवढ्याला बी चोर म्हनले असते.

रंगनाथ : हा सांधा... चार टोकं चारी बाजूंनी वर चढलीत, चारही एका उंचीची. नख फिरवा ताई. लागतंय काही? नाही लागत. हे हातानं केलंय. नुसत्या पटाशीनं.

कुसाबाई : पेठचा भिका सुतार व्हता, त्याची पटाशी मागून आनली व्हती. पावसाळाभर बसले रात्रीचे घासत.

रंगनाथ : एक गोष्ट मात्र मला उमगत नाही. हे शिसव नवं नव्हतं. बसवलं तेव्हाच जुनं होतं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. आणि शेवटाशी हे वळं बघा, गंजाचं. इथं लोखंडी कडं होतं पूर्वी. क्यूला कधी लोखंडी कडं नसतं. हे लाकूड आधी दुसरंच काहीतरी होतं.

कुसाबाई : मुसळ.

रंगनाथ : मुसळ?

कुसाबाई : माझं मुसळ हाय ते. लग्नात आईनं तिच्या वापरातलं दिलं व्हतं, कळवनहून. उखळ-मुसळ जोडीनं. नाशकात आले तर खोलीसमोरच गिरनी. कांडायचं काय? हे म्हनले, दे मला, नुसतं कोपऱ्यात उभं ऱ्हातं. मी म्हनले, घ्या.

हर्षाली : आपल्याकडं उखळ आहे ते? वैष्णवीनं कोरफड लावलीय ते?

कुसाबाई : तेच.

हर्षाली : मी लहानपणी विचारायचे, याचं मुसळ कुठंय. तू म्हणायचीस, मोडलं.

कुसाबाई : मोडलंच की. मोडून हे झालं.

हर्षाली : आई, मला पैसे नको होते या काठीचे. मला ती घरातून जायला हवी होती. कळवणला गेलो की मामी डबा उचलून आत ठेवायची, दागिन्यांचा. मला दिसायचं ते. दर नवमीला तू पाट मांडायचीस, मला हात जोडायला लावायचीस, आणि मला वाटायचं, आपण चोरीच्या काठीला नमस्कार करतोय. आता वैष्णवी विचारायला लागली, आजोबांनी ही कुठून आणली. मी तिला काय सांगणार होते? म्हणून विकून टाकू म्हणत होते. साहेबांनी भेट दिली, हेही मीच रचलं होतं.

कुसाबाई : ठावं हाय मला. हात जोडायचीस, पन डोळं मिटायची नायस.

हर्षाली : मग आणलीस कशाला इथं? वर्षभर मागं लागले होते, हात लावू देत नव्हतीस. प्रफुल्लनं यांचं नाव सांगितलं, आणि तू आपणहून काढून माझ्या हातात दिलीस. यांच्याकडून माफी मागून घ्यायची होती तुला?

कुसाबाई : यांची माफी घेऊन मी काय चुलीत घालू? तुझे बाबा तर गेले. साहेबांनी चोर म्हनलं ते यांनी सोसलं. रात्रभर कंपनीच्या दारात बसायचे, कुनाला एक शब्द बोलले नाय. पन घरातली पोर बी तसंच समजती, हे त्यांना कळत व्हतं. तू त्यांच्या हातून पैसे घेताना त्यांच्या तोंडाकडं बघायची नायस.

हर्षाली : आई, बास.

कुसाबाई : मी दहादा सांगितलं असतं तरी तू म्हनली असतीस, बायकोच ती, नवऱ्याची बाजू घेनारच. ज्यांनी आळ घेतला, त्यांच्याच तोंडून तुला ऐकवायचं व्हतं. बाकी मला इथं काय बी काम नव्हतं.

हर्षाली : आणि हे खोटं बोलले असते तर?

कुसाबाई : तर तू समजत व्हतीस तेच समजत ऱ्हायली असतीस. माझं अजून काय जानार व्हतं?

रंगनाथ : बाई, एक सांगतो, बाजारात हिला काही किंमत येणार नाही. ज्याच्यावर नाव नाही त्या क्यूला कुणी विचारत नाही. पण मला द्याल तर मी घेतो. तुम्ही म्हणाल ती किंमत. क्लबात ठेवू, त्या दुसरीच्या शेजारी, कपाटात.

कुसाबाई : नाय. तिथं तुमची तुम्ही ठेवा.

हर्षाली : विकायची नाही सर. मीच म्हणतेय.

रंगनाथ : बरं. मग निदान पट्टीवर नाव घालून देतो. भांडी बाजारात एकजण आहे, भांड्यांवर नावं घालतो, हात फार सुरेख आहे त्याचा. ठेवून जा माझ्याकडं, परवापर्यंत घालून आणतो.

कुसाबाई : काठी तुमच्या हाती सोडायची नाय.

रंगनाथ : नाही, तेही बरोबर आहे तुमचं.

कुसाबाई : नाव घालायचं आसंल तर तुम्ही या आमच्यासंगट. काठीच्या शेजारी उभं ऱ्हाऊन घालून घ्या.

रंगनाथ : आत्ता?

कुसाबाई : नवमी आली आठ दिवसांवर. एकदा पाटावर बसली की पुन्हा हलवायची नाय.

रंगनाथ : चला, येतो. चपला घालतो. मघाशी पाणी नको म्हणालात, आता तरी...

कुसाबाई : काम होऊ द्या आधी.

हर्षाली : आई, काठी दे माझ्याकडं. मी धरते. अशी नाही, पदरात गुंडाळ ना पुढचं टोक, रिक्षात लागेल कुठंतरी.

रंगनाथ : फक्त एक आहे. पट्टी लहान आहे, फार अक्षरं बसायची नाहीत. नुसतं ‘मार्कर’ घातलं तर चालेल का? क्लबात सगळे तसंच म्हणायचे.

हर्षाली : त्यांना नाव होतं सर.

रंगनाथ : हो. हो, असणारच. खरं सांगतो, मला कधी कळलंच नाही. काय नाव होतं त्यांचं?

हर्षाली : बाबांचं नाव...

कुसाबाई : थांब. मी सांगते. सावळीराम. मार्कर मागून घाला, ज्यागा उरली तर.